वेळापूरचा धावा

पंढरपुराहून पश्चिमेकडे जाऊ लागले म्हणजे वाखरी, भंडीशेगाव, तोंडले-बोंडले ही गावे मागे पडतात आणि तीस-पस्तीस किलोमीटरांवर वेळापूर लागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढात याच वाटेने चालते. मात्र ती माळशिरसकडून पंढरीस येते, आणि आम्ही सोलापुरास राहणारी मंडळी पंढरीकडून वेळापुरास जातो. म्हणजे आमचा प्रवास नेहमीच वारीच्या उलट दिशेने होतो. ज्या दोन वर्षांची हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत त्या काळात आम्ही इतरही काही गोष्टींत उलट दिशेने चाललो होतो, हे वाचकांच्या ध्यानात पुढे येईलच.

वेळापूर हे माळशिरस तालुक्यातील गाव. तालुक्यात नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांस उसाचे मळे दिसतात. परंतु कालव्याचा हात जेथे पोचला नाही तेथे जुना माळ अजून तसाच आहे. गावाचे खरे भूषण म्हणजे अर्धनारीनटेश्वराचे देवालय. काळ्या पाषाणाचे, ज्यास आपण हेमाडपंती म्हणतो त्या घडणीचे हे मंदिर यादवकालीन आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतील, शके १२२२ म्हणजे इसवी सन १३०० च्या सुमाराचे, मराठी शिलालेख या गावी आहेत. ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीनंतर अवघ्या चार वर्षांनी दगडावर कोरलेली आपली भाषा ज्या गावी आहे, त्याच गावी त्यांची पालखी दरवर्षी मुक्कामास उतरते, ही गोष्ट आमच्यासारख्या भाषा शिकविणाऱ्या माणसास फार गोड वाटते. आणखी एक नवल असे की, देवाचे नाव अर्धनारीनटेश्वर असले तरी गाभाऱ्यातील मूर्ती अर्धे अंग पुरुषाचे व अर्धे स्त्रीचे अशी एकदेही नाही. ती हरगौरीची युगुलमूर्ती आहे. शिव आणि पार्वती दोघेही आपापल्या पूर्ण देहाने एकमेकांजवळ आहेत. या मूर्तीची आठवण आम्हांस शेवटी पुन्हा करावयाची आहे.

परंतु वारकऱ्यांस वेळापूर आठवते ते धाव्यासाठी. माळशिरसचा मुक्काम हलला, वाटेत खुडूस येथे रिंगण झाले, की दुपार उतरता उतरता पालखी वेळापूरच्या अलीकडील टेकाडावर येते. तुकाराम महाराजांना या उंचवट्यावरून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. तिची आठवण म्हणून सारे वारकरी तेथून उताराने धावत सुटतात. पंढरी तेथून कित्येक कोस. कळस चर्मचक्षूंस दिसेल की नाही याची चिकित्सा तेथे कोणी करीत नाही. टाळ-मृदंग सांभाळीत तरुण धावतात, डोईवरचे तुळशीवृंदावन एका हाताने धरून बाया धावतात, सत्तरी उलटलेले म्हातारे धोतराचा सोगा खोचून धावतात. जमीन हादरते म्हणजे काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो देखावा एकदा तरी पाहावा.

आमचा वडिलोपार्जित वाडा वेळापुरास आहे. वाड्यात आता धाकटे बंधू सहकुटुंब राहतात. आम्ही नोकरीमुळे सोलापुरास गेलो ते तेथेच राहिलो. पण पालखीच्या मुक्कामास एका दिंडीला वाड्यात पिठले-भाकरीचे जेवण घालण्याचा वडिलांचा नेम आम्ही भावांनी मोडला नाही, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून धावा चुकविला नाही. प्रथम वडिलांचे बोट धरून धावलो, पुढे चिरंजिवांस खांद्यावर घेऊन धावलो. म्हणून, यापुढे धावावयाचे नाही असे जेव्हा आमच्या कानांवर आले, तेव्हा ते केवळ वैद्यकीय पथ्य आहे असे आम्हांस वाटले नाही.

दुखण्याची सुरुवात अगदी साधी झाली. २०२३ सालच्या दिवाळीनंतर सोलापूरच्या घरी माडीचा जिना चढताना छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळून धरावी तसे होऊ लागले. वर जाऊन दोन मिनिटे बसले की ते ओसरे. आम्ही त्यास पित्त ठरविले. सुंठ-साखर घेतली, ताक घेतले, रात्रीचे जेवण कमी केले. पुढे कळ डाव्या जबड्यापर्यंत येऊ लागली तेव्हा दाताचे दुखणे म्हणून लवंग धरली. घरात सांगितले नाही. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्याने कण्हावयाचे नाही, अशी आमची समजूत. अखेरीस सूनबाईंच्या लक्षात आले की नाना हल्ली जिन्याच्या मध्यावर थांबून भिंतीवरचे कॅलेंडर फार वेळ वाचतात. तिने ही गोष्ट सासूबाईंच्या कानी घातली, त्यांनी चिरंजिवांच्या, आणि चौथ्या दिवशी आमची रवानगी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात झाली.

हृदयाचा आलेख काढला, पट्ट्यावर चालवून परीक्षा घेतली, आणि मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी केली. आम्ही टेबलावर पडलेलो असतानाच तेथील डॉक्टर बाहेर गेले व चिरंजिवांस म्हणाले, "एका रक्तवाहिनीत पंचाहत्तर टक्के अडथळा आहे. आताच स्टेंट टाकून घेऊ. नाहीतर केव्हाही काहीही होऊ शकते." चिरंजीव गडबडले. हातात कागद, कागदावर खूण केलेली सहीची जागा, आणि घड्याळाकडे पाहणारी परिचारिका. त्यांनी धीर करून, "नानांना विचारतो," असे म्हटले तेव्हा, "पेशंटला काय विचारायचे? ते घाबरतील," असे उत्तर मिळाले. परंतु ते आत आलेच. आम्ही विचारले, "आज न टाकल्यास उद्या टाकता येत नाही काय?" या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणी देईना, जे मिळाले ते भीतीचे होते. आम्ही सही करू नका म्हणून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी, चित्रफितीची तबकडी व सारे कागद मागून घेऊन, घरी आलो.

हे मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे, हे येथे सांगून ठेवतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची जी सनद सिद्ध केली तीत आपली कागदपत्रे मिळण्याचा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्याचा हक्क स्पष्ट नमूद आहे.

आमच्या घराण्याच्या डॉक्टरांनी आम्हांस एका वयोवृद्ध हृदयरोगतज्ज्ञाकडे धाडले. त्यांनी तबकडी पाहिली, अर्धा तास प्रश्न विचारले, आणि मग आम्हांस व चिरंजिवांस समोरासमोर बसवून जे सांगितले ते आम्ही जवळजवळ जसेच्या तसे देतो. ते म्हणाले, "गुरुजी, वर्गात उत्तर बरोबर आले तरी ते कसे आले हे तुम्ही मुलाला विचारता ना? मग मलाही विचारा. रक्तवाहिनीतला अडथळा दोन तऱ्हांनी त्रास देतो. एक तऱ्हा अशी की अडथळा हळूहळू वाढलेला असतो. श्रम केले की रक्त अपुरे पडते आणि कळ येते, बसले की जाते. दुसरी तऱ्हा अशी की आतल्या चरबीचा थर एकाएकी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद पडते आणि हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. हाच हार्ट अटॅक. तुमची तऱ्हा आज पहिली आहे. तुमची मुख्य डावी वाहिनी मोकळी आहे, हृदयाचे आकुंचन उत्तम आहे. अशा माणसास औषधे आधी द्यावीत, की नळी आधी घालावी, हा प्रश्न आम्ही डॉक्टरांनी स्वतःलाच विचारून पाहिला आहे."

मग त्यांनी त्या प्रयोगांची माहिती दिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २,२८७ रुग्णांची, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून, एका गटास केवळ उत्तम औषधोपचार व दुसऱ्यास औषधोपचाराबरोबर स्टेंट किंवा शस्त्रक्रिया असा उपचार केला. ज्यांचे दुखणे स्थिर होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. ज्यांना कळा फार येत त्यांना स्टेंटने आराम अधिक पडला, एवढा भेद खरा. "तेव्हा," ते म्हणाले, "गोळ्या घ्या, तंबाखूचे पान सोडा, रोज सपाटीवर चाला. कळा वाढल्या तर स्टेंट टाकू. आणि कळ बसल्यावरही थांबली नाही, तर मला फोन करीत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. तो प्रश्न मग निराळा."

शेवटचे वाक्य आम्ही ऐकले, पण आमच्या कानांत राहिले नाही. कानांत राहिले ते एवढेच, की मोठ्या रुग्णालयाने आम्हांस भिवविले आणि आम्ही फसलो नाही. मनुष्यास आपल्या शहाणपणाचा एक पुरावा मिळाला की तो उरलेले शहाणपण खर्चून टाकतो. आम्ही चारचौघांत ही कथा सांगू लागलो. ऐकणाऱ्याजवळ त्याची एक कथा असेच. कोणाच्या मेव्हण्याचे, कोणाच्या शेजाऱ्याचे. स्टेंटच्या किमतीची गोष्ट तर सर्वश्रुतच होती. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवून दिली, आणि त्यापूर्वी तीच वस्तू लाखाच्या घरात विकली जात होती हे जगजाहीर झाले. अशा गोष्टी ऐकता ऐकता एका डॉक्टरावरील अविश्वास सर्व डॉक्टरांवर, आणि डॉक्टरांवरचा त्यांच्या औषधांवर, केव्हा पसरला ते कळले नाही.

वैशाखात एका स्नेह्याने विचारले, "कळ येत नाही ना आता? मग त्या गोळ्या कशाला? जन्मभर गिऱ्हाईक ठेवण्याची ती युक्ती आहे. अर्जुनसालीचा काढा घ्या." काढ्याविषयी आम्हांस आदरच आहे, अर्जुनाचा हृदयरोगातील उपयोग आपल्या ग्रंथांत सांगितलेला आहे. पण काढा घ्या असे सांगणारा ग्रंथ गोळ्या सोडा असे सांगत नव्हता. ते आम्ही आपल्या पदरचे घातले. जेष्ठात आम्ही गोळ्या बंद केल्या. एक गोळी गुठळी धरू न देणारी, एक चरबीचा थर शांत राखणारी, एक हृदयाची गती आवरणारी. यांतील तिसरी एकाएकी सोडली असता हृदय उसळून उठते व पूर्वीपेक्षा अधिक धोका होतो, हे आम्हांस मागाहून कळले. कळ येत नव्हती ती गोळ्यांमुळेच येत नव्हती, हा साधा कार्यकारणभाव चाळीस वर्षे मुलांस न्यायाची उदाहरणे समजावून देणाऱ्या माणसास सुचला नाही. घरात अर्थातच कोणास सांगितले नव्हते. गोळीच्या वेळी गोळी काढीत होतो, आणि ती तुळशीच्या कुंडीत जात होती.

२०२४ च्या आषाढात नेहमीप्रमाणे सारी मंडळी वेळापुरास गेलो. धावावयाचे नाही असे सौ.ने बजाविले होते. आम्ही मान डोलाविली होती. टेकाडावर गेलो, पालखी आली, आणि लोट सुटला. प्रथम भरभर चाललो. मग मागून येणाऱ्यांच्या रेट्याने म्हणा की साठ वर्षांच्या सवयीने म्हणा, धावलो. शंभर पावले गेलो असू. छातीतली मूठ या वेळी आवळली ती सुटलीच नाही. बाजूस होऊन बांधावर बसलो. घामाने सदरा भिजला. जिभेखाली ठेवण्याची गोळी खिशात होती, ती ठेवली; पाच मिनिटे गेली, दहा गेली, फरक पडेना. तरीही मनात काय आले पाहा: "आता सांगितले तर गोळ्यांची गोष्ट उघडी पडेल." प्राणापेक्षा अब्रूची ही चिंता!

आमचा एक जुना विद्यार्थी दिंड्यांना पाणी वाटीत होता. त्याने ओळखले. "गुरुजी, तोंड असं पांढरं का पडलंय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता दोघांच्या आधाराने आम्हांस वारीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे नेले. तेथील डॉक्टर आमच्या नातवाच्या वयाचा म्हणावा असा कोवळा मुलगा. त्याने आलेख काढला आणि विचारले, "आजोबा, कोणती औषधे चालू आहेत? खरे सांगा, रागावणार नाही." तेव्हा, सौ. शेजारी उभी असताना, आम्ही खरे ते सांगितले. तो रागावला नाही. त्याने अॅस्पिरिनची गोळी चावून खावयास दिली व म्हणाला, "वाहिनी बंद पडली आहे. आता वेळ घालवायचा नाही." वारकऱ्यांनी हातांची साखळी करून वाट दिली आणि रुग्णवाहिका अकलूजच्या रस्त्यास लागली. तेथे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळाले. छातीतली मूठ हळूहळू सुटल्याचे आम्हांस कळले. दुसऱ्या दिवशी सोलापुरास नेऊन त्याच वाहिनीत स्टेंट घातला. या वेळीही सहीचा कागद आला होता. आम्ही स्वतः सही केली.

लक्षात घ्यावे, वस्तू तीच होती. सहा-सात महिन्यांपूर्वी जो स्टेंट थोपविता येण्यासारखा होता, तोच आता जीव राखणारा झाला. पहिल्या वेळी नाही म्हटले ते बरोबर होते, दुसऱ्या वेळी हो म्हटले तेही बरोबर होते. चुकले ते मधल्या काळात. आणि ते कोणा डॉक्टराचे नव्हे, आमचे चुकले.

अंथरुणावर पडल्या पडल्या आम्हांस चरकसंहितेतील चिकित्सेचे चार पाद आठवले. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे ते चार, आणि प्रत्येकाचे चार गुण आचार्यांनी सांगितले आहेत. वैद्य विद्यावान, अनुभवी, कुशल व शुचि असावा, हे आपण सारे जाणतो आणि वैद्यास त्या मापाने मोजतोही. पण रोग्याचेही चार गुण तेथे आहेत, ते आपण वाचीत नाही. स्मृति, म्हणजे केव्हा काय झाले याची आठवण. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितले ते करणे. अभीरुत्व, म्हणजे न भिणे. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते स्पष्ट सांगता येणे. आम्ही स्वतःस गुण दिले. स्मृति बरी होती. अभीरुत्व पहिल्या रुग्णालयात दाखविले, आणि तेवढ्याच जोरावर निर्देशकारित्व टाकून दिले. ज्ञापकत्वात तर साफ नापास. जिन्यावर लपविले, कुंडीत लपविले, बांधावर बसून लपविले.

डॉक्टरांवर किती विश्वास ठेवावा, असा प्रश्न आम्हांस हल्ली पुष्कळ लोक विचारतात. आमचे उत्तर असे की, प्रश्न किती विश्वासाचा नसून कोणत्या बाबतीत विश्वासाचा आहे. डॉक्टर चुकतात यात शंका नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणाऱ्या रोग्यांस ते ठोके दाबणारी औषधे दिली तर प्राण वाचतील, असे एके काळी मोठमोठ्या तज्ज्ञांस वाटे. अमेरिकेत तशी चाचणी घेतली तेव्हा औषध घेणारेच अधिक दगावतात असे १९८९ साली आढळून आले, आणि ती औषधे थांबविण्यात आली. यावरून कोणी म्हणेल, पाहा, डॉक्टर चुकले. आम्ही म्हणतो, ती चूक शोधली कोणी? डॉक्टरांनीच. उलट विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने एका खेडवळ म्हातारीच्या जलोदरावरील काढ्यातून डिजिटॅलिसची वनस्पती शोधली, नऊ-दहा वर्षे रोग्यांवर पारखली, चुकलेल्या रोग्यांचीही नोंद केली, आणि मग १७८५ साली जगापुढे ठेवली. औषध म्हातारीचे की विलायती, हा भेद खरा नव्हे. पारखलेले की न पारखलेले, हा भेद खरा.

गडचिरोलीचे डॉक्टर अभय बंग यांस चाळिशीतच हृदयरोग जडला. ते स्वतः डॉक्टर, तरी त्यांनी उपचार घेतला आणि त्यावर न थांबता आपले खाणे, चालणे, मनाची धावपळ या साऱ्यांची झडती घेतली. ती हकीगत त्यांनी मराठीत लिहिली व घरोघरी वाचली गेली. डॉक्टराचे काम कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे त्यावरून उमजते. वाहिनी उघडणे त्यांचे काम. ती पुन्हा बंद होऊ न देणे बरेचसे आपले.

घरातील मंडळींस दोन शब्द. आपल्याकडे दुखणे एकाचे आणि सल्ला दाराबाहेर दहांचा, अशी रीत आहे. रोग्यास सांगू नका, तो घाबरेल, असे म्हणून आपण त्याच्या रोगातून त्यालाच वगळतो. मग तोही आपल्या लक्षणांतून आपल्याला वगळतो. त्यापेक्षा डॉक्टरांपुढे रोगी आणि घरचा एक जाणता, दोघांनी मिळून बसावे व चार गोष्टी विचाराव्यात. हा धोका आजचा आहे की पुढचा? या उपचाराने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल, की दोन्ही? महिनाभर थांबल्यास काय होईल? आणि या उपचाराचे स्वतःचे अपाय कोणते? धोका पुढचा असेल तर दुसरा सल्ला अवश्य घ्यावा. जो डॉक्टर दुसऱ्या सल्ल्यास रागावतो त्याच्यापासून दूर असावे. धोका आजचा असेल, कळ बसूनही जात नसेल, घाम सुटत असेल, तर त्या घटकेस चिकित्सा करीत बसू नये. १०८ क्रमांकास फोन करावा. तेव्हा उशिराची किंमत मिनिटांनी मोजली जाते. आणि एखादे औषध सोडावेसे वाटले तर ज्याने दिले त्याला सांगून सोडावे. लपवून सोडू नये, एवढे आमच्या कुंडीतल्या तुळशीची शपथ घेऊन सांगतो.

या वर्षी, म्हणजे २०२५ च्या आषाढात, वेळापुरास जावे की नाही यावर घरात मोठी सभा भरली. बंधूंचा फोन आला, "दादा, या वर्षी येऊच नकोस." चिरंजिवांचेही तेच मत. सौ. काही बोलली नाही, डॉक्टरांकडे जाताना मात्र आमच्याबरोबर आली आणि गोळ्यांची डबी पुढे ठेवून म्हणाली, "मी रोज मोजते." डॉक्टरांनी तपासले, पट्ट्यावर चालविले, आणि म्हणाले, "गुरुजी, जा. सपाटीवर सावकाश चाला, उन्हात थांबू नका, गर्दीच्या कडेला राहा. धावायचे नाही." आम्ही विचारले, "का नाही, ते सांगा." ते हसले आणि सांगितले: उताराने, रेट्यात, एकाएकी धावताना आपल्या गतीवर आपला ताबा राहत नाही, आणि कळ आली तर थांबताही येत नाही. चालण्याने हृदय बळावते, पण ते आपल्या मापाने. उत्तर पटले. पटलेले पथ्य पाळण्यास जड जात नाही.

गेलो. टेकाडावर न जाता उताराच्या पायथ्याशी, ज्या बांधावर गेल्या वर्षी बसलो होतो तेथेच, सौ.सह खुर्ची टाकून बसलो. तो जुना विद्यार्थी पाण्याची टाकी घेऊन हजर होता. म्हणाला, "यंदा पळायचं न्हाई ना, गुरुजी?" म्हटले, "नाही." धावा सुटला. एवढी वर्षे आम्ही त्या लोटात असायचो. पायांखालची जमीन आणि पुढच्याची पाठ, एवढेच दिसायचे. समोरून येणारे चेहरे आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले. नऊ वर्षांचा नातू काकाचे बोट धरून आमच्या पुढून धावत गेला. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही, आणि तेच योग्य होते. डोळ्यांस पाणी आले हे नाकारीत नाही. सौ.ने विचारले, "काही होतंय का?" पूर्वी असतो तर नाही म्हटले असते. या वेळी नीट तपासून सांगितले, "छातीत काही नाही. मनात होतंय."

दुसऱ्या दिवशी पालखी पुढे गेली, गाव रिकामे झाले. उन्हे उतरल्यावर आम्ही उभयता सावकाश देवळात गेलो. गाभाऱ्यात समईचा मंद उजेड होता. लहानपणापासून पाहिलेली ती मूर्ती पुन्हा पाहिली. नाव अर्धनारीनटेश्वर, पण कोणीही अर्धे झालेले नाही. दोघे पुरे आहेत आणि एकमेकांस धरून आहेत. वैद्य आणि रोगी यांचे नातेही असेच असावे, असे वाटून गेले. रोग्याने आपली बुद्धी वैद्याच्या पायाशी ठेवून अर्धे होऊ नये, आणि वैद्यास दूर लोटून एकटेही उभे राहू नये.

बाहेर आलो तो पायऱ्यांशी सौ.ने पाण्याचा तांब्या व गोळी पुढे केली. संध्याकाळचे सात वाजले होते. आम्ही गोळी घेतली आणि, तिने न विचारताच, तोंड उघडून दाखविले.